नांगर, प्याला, शिंग आणि पाच जखमा

हॉर्नकॅसल हे इंग्लंडच्या पूर्वेकडच्या लिंकनशर परगण्यातले एक बाजारगाव. १५३६ सालच्या ऑक्टोबरात, आठवा हेन्री राज्यावर असताना, या गावच्या लोकांनी कापडाचे एक निशाण तयार केले आणि ते पुढे धरून ते घराबाहेर पडले. निशाणावर चार चित्रे होती : एक नांगर, एक प्याला व त्यावर मिस्सेतली पवित्र भाकर, ख्रिस्ताच्या पाच जखमा आणि एक शिंग.

ते निशाण आज उरलेले नाही. ज्या बंडासाठी ते झाले, ते बंड दोन आठवडेही टिकले नाही. पण बंड मोडल्यानंतर ज्या चौकशा झाल्या, त्यांतल्या एका जबानीत या चारही चित्रांचा अर्थ नोंदला गेला. नांगर कशासाठी? कुणब्यांना हुरूप यावा म्हणून. प्याला आणि भाकर? चर्चमधले प्याले, क्रूस आणि दागिने काढून नेले जाणार आहेत, याची आठवण राहावी म्हणून. पाच जखमा? ख्रिस्ताच्या कार्यासाठी लढायची उमेद यावी म्हणून. आणि शिंग? ते हॉर्नकॅसलचे. ‘हॉर्न’ म्हणजे शिंग, एवढाच त्याचा हिशेब.

मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये प्रत्येक चर्चमध्ये निशाणे असत. ती कुजली, जळली, कापून त्यांच्या उशा झाल्या. त्यांच्यावरच्या चित्रांचे अर्थ आपण आज ग्रंथांच्या आधाराने लावतो, म्हणजे एका अर्थी विद्वानांच्या तोंडून ऐकतो. हॉर्नकॅसलच्या निशाणाचा अर्थ मात्र निशाणामागून चाललेल्या लोकांतूनच आपल्यापर्यंत आला आहे. आणि तो त्यांनी कौतुकाने सांगितलेला नाही. मान फासाच्या दोरीपासून वीतभर अंतरावर असताना सांगितलेला आहे. आठव्या हेन्रीच्या कारभाराच्या कागदांचे सार ‘लेटर्स अँड पेपर्स’ या प्रचंड ग्रंथमालेत छापले गेले. आता ती घरबसल्या वाचता येते, म्हणून माझ्यासारख्या कुठल्याच विद्यापीठात इतिहास न शिकलेल्या माणसालाही या जबान्यांपर्यंत पोचता येते. त्या वाचताना वारंवार वाटत राहिले की इतिहासकारांनी ज्या प्रश्नावर शंभर वर्षे वाद घातला, त्याचे उत्तर या चार चित्रांत आधीच होते.

तो वाद असा. १५३६च्या या उठावाला, आणि त्यातून यॉर्कशरात पेटलेल्या ‘पिलग्रिमेज ऑफ ग्रेस’ नावाच्या मोठ्या बंडाला, धर्माचे बंड म्हणायचे की पोटाचे? मॅडलिन आणि रूथ डॉड्स या दोघी बहिणींनी १९१५ साली त्याचा दोन खंडांत सविस्तर इतिहास लिहिला. पुढे ए. जी. डिकन्स यांनी आर्थिक कारणांवर भर दिला, जी. आर. एल्टन यांनी दरबारातल्या हरलेल्या गटाचा हात शोधला, तर एमन डफी यांनी १९९२च्या आपल्या ‘द स्ट्रिपिंग ऑफ द ऑल्टर्स’ या गाजलेल्या ग्रंथात जुन्या धर्माचारावरची सामान्यांची निष्ठा किती जिवंत होती, हे दाखवले. सगळेच मोठे अभ्यासक. पण हॉर्नकॅसलच्या निशाणावरचा नांगर एकाने घ्यावा, जखमा दुसऱ्याने घ्याव्यात आणि शिंगाकडे कुणी बघूच नये, असे काहीसे होत आले. निशाण तर एकच कापड होते.

त्यासाठी आधी त्या आठवड्यात काय घडले ते पाहू.

१५३६च्या शरद ऋतूत लिंकनशरात सरकारची तीन पथके एकाच वेळी फिरत होती. वर्षाला २०० पौंडांहून कमी उत्पन्न असलेले मठ बंद करण्याचा कायदा त्याच वर्षी झाला होता, त्याची अंमलबजावणी करणारे एक. कर वसूल करणारे दुसरे. आणि धर्मगुरूंची लायकी तपासायला निघालेले बिशपांचे अधिकारी, हे तिसरे. लोकांना या तिन्हींतला फरक दिसत नव्हता. कागद घेऊन येणारा सरकारी माणूस एवढेच दिसत होते. अफवा पिकल्या. दर पाच-सात मैलांत एकच चर्च ठेवणार, बाकीची पाडणार. चर्चमधले चांदीचे प्याले नेऊन जागी कथलाचे देणार. बाप्तिस्मा, लग्न, दफन यांवर कर बसणार. पांढऱ्या पावावरही बसणार.

१ ऑक्टोबरच्या रविवारी लाउथ या गावात ठिणगी पडली. व्हिकर टॉमस केन्डल यांनी प्रवचनात लोकांना सावध केले. त्यानंतरच्या मिरवणुकीत चांदीचे क्रूस पुढे निघाले, तेव्हा चर्चच्या गायकांपैकी टॉमस फॉस्टर म्हणाला की आज या क्रुसांमागून चालून घ्या, पुन्हा चालायला मिळेल की नाही देव जाणे. संध्याकाळी गावकऱ्यांनी चर्चच्या किल्ल्या कारभाऱ्यांकडून काढून घेतल्या आणि रात्रभर खजिन्यावर पहारा दिला. पुढारी होता निकोलस मेल्टन नावाचा चांभार. लोक त्याला ‘कॅप्टन कॉब्लर’ म्हणत. दुसऱ्या दिवशी बिशपचा अधिकारी गावात आला, तेव्हा त्याची कागदपत्रे बाजारात जाळली गेली.

इथे लाउथच्या चर्चविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण प्याल्याचे चित्र समजण्याची किल्ली तिथे आहे. या चर्चचा मनोरा इंग्लंडमधल्या सर्वांत उंच मनोऱ्यांपैकी एक. तो १५०१ ते १५१५ या काळात बांधला गेला, खर्च ३०० पौंडांच्या वर गेला, आणि त्याचा जमाखर्च चर्चच्या कारभाऱ्यांच्या वह्यांत आजही वाचता येतो. १५१५ साली शिखरावर वातकुक्कुट चढवला, तेव्हा घंटा वाजवल्या आणि जमलेल्या सगळ्या गावाला पाव आणि बिअर वाटली. म्हणजे १५३६ साली किल्ल्या हिसकावून घेणाऱ्या लोकांत तो पाव खाल्लेली माणसे होती. हा मनोरा राजाने किंवा बिशपने बांधून दिलेला नव्हता.

प्याल्यांचेही तसेच. चर्चचा मुख्य भाग, त्यातली भांडी, वस्त्रे, मेणबत्त्या, निशाणे हे सगळे पुरवायची जबाबदारी त्या काळच्या इंग्लंडमध्ये पॅरिशच्या लोकांवर असे. त्यासाठी ते वर्गणी काढत, मरताना मेंढी किंवा अंगठी ठेवून जात, आणि ‘चर्च एल’ नावाचा एक उद्योग करत. चर्चसाठी बिअर गाळायची, गावाने प्यायची, नफा चर्चला. (आपल्याकडच्या काही मंडळींना हे वाचून धक्का बसेल, पण देवस्थानासाठी पैसा उभा करण्याचे मार्ग जगभर तिथल्या पिकांवर अवलंबून असतात.) असा पै-पै करून घेतलेला प्याला ‘नेणार’ असे कुणी म्हटले, तर तो धर्मावरचा घाला की मालमत्तेवरचा? हा प्रश्न हॉर्नकॅसलच्या माणसाला विचारला असता, तर तो आपल्या तोंडाकडे पाहत राहिला असता. प्याल्यात देवाचे रक्त होते आणि त्याच्या चांदीत आजीची अंगठी होती.

हॉर्नकॅसलचे लोक लाउथच्या पाठोपाठ उठले. तिथे जे घडले ते लपवण्यात अर्थ नाही. ४ ऑक्टोबरला लिंकनच्या बिशपांचे चान्सलर डॉ. जॉन रेन्स यांना आजारी अवस्थेत तिथे आणले गेले आणि जमावाने काठ्यांनी मारून त्यांचा जीव घेतला. जमावात धर्मगुरूही होते, आणि ते लोकांना आवरत नव्हते, चिथवत होते. त्याच दिवसांत निशाण झाले. ख्रिस्ताच्या जखमा कापडावर मांडणाऱ्या गावातच एका आजारी म्हाताऱ्याला घोड्यावरून खाली ओढून जखमी केले गेले. या निशाणाविषयी लिहिणारे बहुतेक लोक ही दोन वाक्ये वेगवेगळ्या पानांवर ठेवतात. मला ती शेजारी ठेवावीशी वाटतात.

आता नांगराकडे येऊ. जबानी म्हणते, नांगर कुणब्यांना हुरूप देण्यासाठी. ते खोटे नाही. पण जबानी देणारा सरकारला समजेल अशा भाषेत बोलत होता. पूर्व इंग्लंडमधल्या गावांत नांगर हे नुसते शेतीचे औजार नव्हते, त्याला चर्चमध्ये जागा होती. अनेक पॅरिशांत ‘प्लाऊ लाइट’ असे, म्हणजे नांगराच्या नावाने चर्चमध्ये तेवत ठेवलेला दिवा. जानेवारीत, एपिफनीच्या सणानंतरच्या पहिल्या सोमवारी गावातली तरणी पोरे नांगर ओढत घरोघर फिरत आणि पैसे गोळा करत. या सोमवाराचे नावच ‘प्लाऊ मंडे’. जो पैसे देणार नाही त्याच्या दारापुढची जमीन नांगरून टाकायची, अशीही एक रीत होती. जमलेल्या पैशांतून दिव्याचे मेण येई. आपण खंडेनवमीला औत-अवजारांना हळदकुंकू वाहतो, त्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. नवल वाटावे ते एवढ्याचेच, की इंग्रजी इतिहासकारांना ते अनेकदा समजावून सांगावे लागले. नांगर दिसला की त्यांना भाकरीचा प्रश्न दिसे. निशाण करणाऱ्यांना बहुधा चर्चच्या कोपऱ्यातला तो दिवाही दिसत असावा, असे माझे मत आहे. नांगर निशाणावर बाहेरून आला नाही, तो देवळातच होता.

शिंगाचा प्रकार आणखी साधा. गावाच्या नावातला ‘हॉर्न’ प्रत्यक्षात प्राण्याच्या शिंगाचा नाही. बेन आणि वेअरिंग या दोन लहान नद्यांच्या संगमावर जमिनीचे जे टोक निघाले आहे, त्याचा तो आकार. आणि ‘कॅसल’ म्हणजे तिथला रोमन तट, ज्याचे तुकडे गावात अजून उभे आहेत. पण वाचता न येणाऱ्या माणसाला गावाचे नाव कापडावर कसे दाखवायचे? शिंग काढायचे. नावाचे असे चित्रकोडे करण्याची त्या काळी इंग्लंडमध्ये मोठी हौस होती. मात्र हौसेपलीकडे त्याला एक उपयोग होता. हजारोंच्या जमावात आपली माणसे कुठे आहेत हे शिंगावरून कळे. ख्रिस्ताच्या जखमा सगळ्यांच्याच होत्या, शिंग मात्र फक्त हॉर्नकॅसलचे. निशाणाखाली उभे राहणारा माणूस ख्रिस्ती होता, कुणबी होता, आणि अमुक गावचा होता. हे तिन्ही तो एकदमच होता.

निशाण घेऊन बाहेर पडायचे हे तरी त्यांना सुचले कुठून? त्याचे उत्तर लष्करी इतिहासात शोधू नये. ते त्यांना दरवर्षीच्या सवयीने येत होते. ईस्टरनंतर, स्वर्गारोहणाच्या सणाआधीचे तीन दिवस ‘रोगेशन’चे. त्या दिवसांत सारा पॅरिश निशाणे आणि घंटा घेऊन गावशिवेची फेरी करी, पिकांसाठी प्रार्थना होई, आणि शिवेचे दगड पोरांच्या लक्षात राहावेत म्हणून त्यांना त्या दगडांवर आपटतही. सॉल्सबरीच्या पूजापद्धतीत या मिरवणुकीची एक गंमत आहे. सुरुवातीच्या दिवसांत सर्वांत पुढे असे राक्षसी सर्पाचे निशाण, म्हणजे सैतान, लांबलचक शेपटीसकट. नंतर स्वर्गारोहणाच्या मिरवणुकीत पुढे येई सिंह, म्हणजे ख्रिस्त, आणि सर्प जाई सगळ्यांच्या मागे, शेपूट कापलेला. मिरवणुकीतल्या जागेवरून अर्थ बदलतो, हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पंढरीच्या वाटेवर पताका कुणाच्या हातात आणि वीणा कुणाच्या गळ्यात, यावरून दिंडीत जे कळते तेच. तेव्हा संकट आले, तसे त्या लोकांनी आपल्याला येत होते ते केले. शीव राखायला निघाले.

चौथे चित्र पाच जखमांचे. दोन हात, दोन पाय, आणि मध्ये भाल्याने भेदलेले हृदय. पंधराव्या शतकात या जखमांची भक्ती इंग्लंडमध्ये फार पसरली होती. मृत्युपत्रांत लोक पाच मिस्सा सांगायला लावत, पाच मेणबत्त्या लावायला सांगत, पाच गरिबांना दान द्यायला सांगत. आपल्याकडच्या वाचकाने हे चिन्ह पाहिलेले आहे, फक्त ओळखलेले नाही. वसईच्या किल्ल्यातल्या दगडांवर पोर्तुगालचे राजचिन्ह कोरले आहे. त्यातल्या पाच लहान ढाली परंपरेने ख्रिस्ताच्या पाच जखमांच्याच मानल्या जातात; पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिक्स याला मुसलमानांशी लढण्याआधी ख्रिस्ताचे दर्शन झाले, अशी ती कथा. म्हणजे तेच चिन्ह कोकण किनाऱ्यावर राजसत्तेच्या दरवाजावर बसले, आणि लिंकनशरात राजसत्तेच्या विरुद्ध उभे राहिले.

हा फरक इतका सरळ असता तर बरे झाले असते. टॉमस डार्सी या वृद्ध सरदाराची गोष्ट पाहा. १५११ साली, अल्बुकर्कने गोवा घेतल्याच्या पुढच्याच वर्षी, डार्सी हेन्रीच्या हुकमाने स्पेनमध्ये कादिझला गेला होता, मूरांशी लढणाऱ्या फर्डिनांड राजाच्या मदतीला. लढाई झालीच नाही. फर्डिनांडने तह केला, इंग्रज शिपायांनी गावात दंगा केला आणि मंडळी परत आली. त्या मोहिमेसाठी केलेले पाच जखमांचे बिल्ले डार्सीच्या घरी पडून राहिले. २५ वर्षांनी, पाँटफ्रॅक्टचा किल्ला बंडखोरांच्या हाती गेल्यावर, ते बाहेर आले आणि राजाच्या प्रजेच्या छातीवर चढले. चौकशीकारांना नेमका याच बिल्ल्यांचा संशय होता. ते जुने की बंडासाठी मुद्दाम केलेले? जुने म्हणावेत तर ते राजनिष्ठेची खूण होते, नवे म्हणावेत तर राजद्रोहाची. कापड, टाके, जखमा सगळे तेच. डार्सीचा शिरच्छेद १५३७च्या जूनअखेर झाला. अशा बिल्ल्याचा एक नमुना अरंडेलच्या किल्ल्यात आजही आहे.

लिंकनशरचा उठाव ऑक्टोबरच्या मध्याआधीच विरला. राजाचे अपमानकारक पत्र आले, जहागीरदार माघारी फिरले, कुणबी एकटे पडले. यॉर्कशरात मात्र रॉबर्ट आस्क या वकिलाने त्याच सुमारास ३० हजारांहून अधिक माणसे उभी केली आणि या चालीला यात्रा असे नाव दिले. त्या बंडाच्या जबान्यांत एक प्रसंग आहे. डॉनकास्टरच्या भेटीआधी एका चकमकीत बंडखोरांपैकीच एकाने आपल्याच बाजूच्या माणसाला भाल्याने मारले, कारण त्याच्या अंगावर पुढेमागे सेंट जॉर्जचा क्रूस होता आणि तो शत्रूचा वाटला. तेव्हा सर्वांनी येशूचे नाव किंवा पाच जखमा पुढे आणि मागे लावाव्यात अशी हाळी दिली गेली. एवढी मोठी फौज, आणि आपल्या बाजूने कामी आला तो हा एकच, असेही सांगणाऱ्याने म्हटले आहे. चिन्हांच्या गहन अर्थांची चर्चा करताना मी ही नोंद जवळ ठेवतो. जखमांचा बिल्ला आपल्या माणसाच्या भाल्यापासून वाचण्यासाठीही होता.

डिसेंबरात डॉनकास्टरला राजाच्या वतीने माफीची आणि नव्या संसदेची आश्वासने मिळाली. आस्कने सर्वांदेखत आपला बिल्ला ओढून काढला आणि यापुढे राजाच्या चिन्हावाचून दुसरे चिन्ह लावणार नाही असे सांगितले. बाकीच्यांनीही आपापले बिल्ले काढले. त्याचा राजावर विश्वास बसला होता. १२ जुलै १५३७ रोजी त्याला यॉर्कमध्ये साखळदंडांत टांगण्यात आले. लाउथचा चांभार आणि व्हिकर केन्डल त्याआधीच, मार्चमध्ये गेले होते. उलट, लिंकनशरचा शेरीफ एडवर्ड डिमोक, जो हॉर्नकॅसलच्या लोकांबरोबर चालला होता, तो बचावला. डिमोक घराण्याकडे राज्याभिषेकाच्या वेळी चिलखत घालून घोड्यावरून येण्याचा आणि नव्या राजाच्या विरोधकाला आव्हान देण्याचा वंशपरंपरागत मान होता. या एडवर्डने पुढे सहावा एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ या तिघांच्याही राज्याभिषेकात तो मान बजावला. तिघांचा धर्म एक नव्हता. आव्हान तेच राहिले.

आणि अफवा? १५३६ साली त्या अफवा होत्या. मठ बंद होत होते. पॅरिशचे प्याले कुणी मागितले नव्हते. सरकारने वारंवार तसे सांगितले, आणि अनेक इतिहासकारांनी लोकांच्या भोळेपणावर बोट ठेवले. पण १५३८ साली हुकूम निघाला की चर्चमध्ये ठरावीक दोनतीन जागांखेरीज दिवे लावायचे नाहीत. नांगराचा दिवा विझला. १५४७ साली मिरवणुका बंद झाल्या. १५५२-५३ साली सरकारी माणसांनी गावोगावच्या चर्चमधल्या वस्तूंच्या याद्या केल्या, एखाददुसरा प्याला ठेवला आणि बाकीचे नेले. निशाणावरची एकेक खूण अशी सतरा वर्षांत खरी ठरत गेली. १५५९ साली एलिझाबेथने शिवेची फेरी तेवढी परत चालू ठेवू दिली. पण निशाणे नकोत, असे तिच्या बिशपांनी बजावले. शिंग, म्हणजे गावाचे नाव, एवढे उरले. त्याला हात लावण्याचे कुणाला कारण नव्हते.

हॉर्नकॅसलच्या निशाणाला कुणी अवशेष म्हणून जपले नाही. ते साधे, त्या आठवड्यापुरते होते. त्याच बंडात एक दुसरे निशाण चालले होते, ज्याची शान वेगळी होती. डरहॅमचे लोक संत कथबर्टचे निशाण घेऊन आले होते. १५९३ साली लिहिलेल्या ‘राइट्स ऑफ डरहॅम’ या आठवणींत त्याचे वर्णन आहे : लाल मखमल, त्यावर हिरव्या रेशमाची आणि सोन्याच्या जरीची फुले, खालच्या बाजूला पाच टोके, चांदीच्या लहान घंटा, आणि मधोमध पांढऱ्या मखमलीचा चौकोन. त्या चौकोनाच्या आत संताने मिस्सेच्या वेळी प्याला झाकण्यासाठी वापरलेले कापड शिवलेले होते. सगळा थाट त्या हातभर जुन्या तागाच्या फडक्यासाठी. हे निशाण १५१३च्या फ्लॉडनच्या लढाईत स्कॉटलंडच्या राजाविरुद्ध गेले होते, म्हणजे सरकारी बाजूने. धर्मक्रांतीनंतर डरहॅमचे डीन विल्यम व्हिटिंगहॅम यांच्या फ्रेंच पत्नीने, कॅथरीनने, ते आपल्या घरच्या चुलीत जाळले. त्या ग्रंथाचा लेखक हे लिहिताना संतापला आहे. मला मात्र त्यात कॅथरीनबाईंचा एक प्रकारचा आदर दिसतो. निरर्थक फडके कुणी स्वतःच्या हाताने जाळत बसत नाही.

पाच जखमांचे निशाण उत्तरेत शेवटचे उघड फडकले ते १५६९च्या नोव्हेंबरात. नॉर्थम्बरलंड आणि वेस्टमोरलंडच्या अर्लांनी बंड करून डरहॅमचे कॅथीड्रल ताब्यात घेतले, इंग्रजी बायबल फाडले, मिस्सा केली. निशाण होते रिचर्ड नॉर्टन या पांढऱ्या केसांच्या म्हाताऱ्याच्या हातात. तो १५३६च्या बंडातही होता. हेही बंड मोडले, आणि या वेळी शेकडो गरीब माणसे गावोगाव फासावर गेली. नॉर्टन परदेशी पळाला. दोन-अडीचशे वर्षांनी कवी वर्ड्सवर्थने ‘द व्हाइट डो ऑफ रिल्स्टन’ या काव्यात नॉर्टनला एमिली नावाची मुलगी दिली, आणि निशाणाचे भरतकाम तिच्याकडून करवून घेतले. ती स्वतः नव्या धर्माची, पण बापाच्या आज्ञेने जुन्या धर्माच्या जखमा टाक्याटाक्याने भरते. हा कल्पनाविलास आहे. तरी चौकशीच्या सगळ्या कागदांत चौकशीकारांनी जे विचारले नाही, ते वर्ड्सवर्थने विचारले : निशाण कुणी धरले हे खरे, पण शिवले कुणी?

हॉर्नकॅसलच्या सेंट मेरी चर्चमध्ये भिंतीवर जुन्या कोयत्यांची पाती टांगलेली आहेत, गवत कापायच्या लांब दांड्याच्या कोयत्यांची. काही जण ती १५३६च्या बंडातली मानतात. काही जण ती शंभर वर्षांनंतरच्या यादवीतली, जवळच्या विन्सबीच्या लढाईतली मानतात. गावाने मात्र ती आपल्या चर्चमध्येच ठेवली. १५३६ची मानली, तर निशाणावरच्या नांगराच्या शेजारी उभे राहणारे ते दुसरे औत ठरते.

आणि निशाणे? डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये ती परत आली, पण वेगळ्या लोकांची. १८७१ पासून डरहॅमचे कोळसा-खाणकामगार वर्षातून एकदा मेळावा भरवतात. जुलैतल्या एका शनिवारी प्रत्येक खाणीचे रेशमी निशाण बँडच्या तालावर शहरातून येते, आणि नवी निशाणे आशीर्वादासाठी कॅथीड्रलमध्ये नेली जातात. खाणीत त्या वर्षी कुणी मेले असेल, तर निशाणावर काळे कापड गुंडाळलेले असे. त्या कोळसापट्ट्यातली शेवटची खोल खाण, मंकवेअरमाउथ, १९९३ साली बंद झाली. त्यानंतर आता कुठलीच खाण नसलेल्या अनेक गावांनी वर्गणी आणि अनुदाने गोळा करून नवी निशाणे करून घेतली आहेत. त्यांच्यावर बंद पडलेल्या खाणीचे चाक असते, पुढाऱ्यांची चित्रे असतात, कुठे चर्चही असते, आणि वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत गावाचे नाव.